गोचीड ताप: निम्मा इलाज कुत्र्याचा, निम्मा घराचा

वळवाचे दोन-चार पाऊस होऊन गेले की कुत्री पाळणाऱ्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कुत्रं खाईना झालंय." उन्हाचा त्रास असेल, पोट बिघडलं असेल, असं म्हणत लोक वाट बघतात. आमची कुत्री हरणी भाकरी हुंगून उठून गेली तेव्हा मी वाट बघितली नाही. माझ्या माहेरी, गडहिंग्लजच्या बाजूला, एक कुत्रा असाच खायचा थांबला होता. त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा कुठं घरच्यांना कळलं की हे साधं दुखणं नाही. तो वाचला नाही. हरणीला गोचीड ताप होता, म्हणजे गोचिडी चावून येणारा आजार; ती मात्र पूर्ण बरी झाली. त्या काळात जे बघायला, करायला मिळालं, ते जुन्या घरात कुत्रं सांभाळणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हरणी कारवानी जातीची. लांबोडकं तोंड, आत ओढलेलं पोट, काटकुळे पाय. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात नावारूपाला आणली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. २००५ साली पोस्ट खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात तीही होती. आमच्याकडं आली ती नात्यातल्या एका शेतकऱ्याकडून, ओंजळीत मावेल एवढी होती तेव्हा. आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. घर जुनं, खाली दगडी बांधकाम, वरच्या मजल्याला मातीच्या भिंती आणि लाकडी तुळया. गल्लीत गवळ्यांच्या म्हशी आहेत, चार पावलांवर गंगावेस.

तर, जेवण सोडलं हे पहिलं लक्षण खरं. पण मागं वळून बघितलं तर त्याच्याही आधी एक गोष्ट झाली होती. माझा पुतण्या तिच्या पाठीवर हात टाकून बसायला गेला आणि ती गुरगुरली. आमच्या घरात हे कधीच झालेलं नव्हतं. घरातलं कुणीतरी म्हणालं, "बिथरली वाटतं." कुत्र्याचा स्वभाव असा एका दिवसात बदलत नाही. गरीब कुत्रं अचानक गुरगुरलं, जिना चढायला नको म्हणालं, बोलावल्यावर शेपूट हलवूनही जागचं उठलं नाही, तर त्याला कुठंतरी दुखतंय असंच धरून चालावं. गोचीड तापात सांधे दुखतात, अंग ठणकतं. तिला बोलता येत नाही, तिनं गुरगुरून सांगितलं. त्यावर ओरडून तिला गप्प केलं असतं, तर पुढच्या वेळी तिनं न सांगताच दात लावले असते, आणि तो दोष तिचा नसता.

मी तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटानं दाबलं की पांढऱ्या होतात आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. हरणीच्या हिरड्या फिक्या होत्या. मग तिला कुशीवर झोपवलं आणि पोटाकडची, केस नसलेली कातडी उजेडात बघितली. तिथं टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. डास चावल्यासारखे, पण फुगीर नव्हते आणि बोटानं दाबल्यावर फिके होत नव्हते. ते कातडीखाली उतरलेलं रक्त. हे बघितल्यावर मी तसंच तिला रिक्षात घातलं.

डॉक्टर मॅडमनी आधी काहीच न करता तिला नुसतं चालताना बघितलं. मग विचारायला लागल्या.

"पाणी पितीय का?"

"पाणी पितीय. खाणं तेवढं बंद."

"उलटी? जुलाब?"

"न्हाई."

"लघवीचा रंग बघितलाय का? काळपट, चहासारखी होतीय का?"

मी बघितला होता, पिवळीच होती. हा प्रश्न त्यांनी का विचारला ते नंतर कळलं. गोचिड्यांतून एकच रोग येत नाही. बॅबेसिया नावाचा एक परजीवी तांबड्या पेशींतच शिरून त्या फोडतो, मग लघवी गडद होते, कावीळ होते, आणि त्याचं औषध वेगळं, बहुतेकदा इंजेक्शनचं. एर्लिकिया नावाचा जिवाणू पांढऱ्या पेशींत राहतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट खाली आणतो. कधी कधी दोन्ही एकाच कुत्र्यात सापडतात. दोन्हींना आपण सरसकट गोचीड ताप म्हणतो, त्यामुळे शेजारच्या कुत्र्याला लागू पडलेली चिठ्ठी आपल्या कुत्र्याला चालेलच असं नाही.

ताप गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजला, १०४ च्या वर निघाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागणं किंवा नाक कोरडं असणं यावरून काहीच ठरत नाही. घरात एक वेगळा थर्मामीटर ठेवणं हाच उपाय. मग मॅडमनी जबड्याखालच्या आणि मागच्या गुडघ्यामागच्या गाठी चाचपल्या, त्या सुजलेल्या होत्या. पोट दाबून प्लीहा वाढलीय का बघितलं. पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त काढलं, आणि सुई काढल्यावर कापूस बराच वेळ स्वतः दाबून धरला. "हिचं रक्त लवकर थांबणार नाही, म्हणून आज मांसात इंजेक्शनही देत नाही," म्हणाल्या. घरी नेल्यावर उड्या, धावपळ, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, सगळं बंद, हेही त्याच वेळी सांगितलं. धक्का लागून आत रक्तस्राव झाला तर तो दिसतही नाही.

तिथंच एक छोटी पट्टी होती, रक्ताचे थेंब टाकून थोडा वेळ ठेवायची. एर्लिकियाच्या खुणेला रेघ उमटली. प्रयोगशाळेतून प्लेटलेटचा आकडा आला तो पन्नास हजारांच्याही खाली. कुत्र्याच्या साधारण पावणेदोन लाख ते पाच लाख असायला हव्यात. मॅडमनी तेवढ्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंग देऊन स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. नळीतल्या रक्तात प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि यंत्र ते मोजत नाही, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. शिवाय ग्रेहाउंडसारख्या शिकारी, पळणाऱ्या जातींत प्लेटलेट मुळातच थोड्या कमी आणि तांबड्या पेशी जास्त असतात. कारवानी त्याच बांध्याची, म्हणून तिचा अहवाल लॅब्रेडॉरच्या मापानं वाचून चालत नाही. हरणीच्या काचपट्टीवर मात्र खरोखरच प्लेटलेट शोधून काढाव्या लागत होत्या. इतकं नीट बघणारा डॉक्टर मिळाला हे तिचं नशीब.

औषध डॉक्सिसायक्लिन. वजनावर हिशेब करून, २८ दिवस. सोबत पोटासाठी एक गोळी आणि रक्तवाढीचं टॉनिक. रक्त चढवायची वेळ आली नाही.

पुढची सगळी लढाई घरातली. आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, हरणीला अंगाखांद्यावर वाढवलंय. त्या सकाळी उठून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेल्या आणि समोर पिळून घेतलेलं म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन आल्या.

"गोळी कडू असंल गं. दुधातनं दे तिला, अंगात ताकद तरी यील."

त्यांच्या मायेत काही खोट नव्हती, पण नेमकं दूधच नडतं. दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून बसतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. दही, ताक, पनीर, सगळ्यांचं तेच. रक्तवाढीच्या टॉनिकातलं लोहही तसंच करतं, म्हणून गोळी सकाळच्या खाण्याबरोबर आणि टॉनिक दुपारी, असं मॅडमनी वेळापत्रक लावून दिलं होतं. उपाशीपोटी ही गोळी दिली तर बऱ्याचदा उलटी होते आणि उलटीबरोबर गोळीही जाते. आत्यांना मी मॅडमशी फोनवर बोलायला लावलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं, मग कोंबडीचं पाणी चालतंय का?" ते चालत होतं. मीठ, आलं, लसूण, कांदा काही न घालता शिजवलेली कोंबडी, त्याचं पाणी आणि मऊ भात. कांदा-लसणाबद्दल इथं मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडं रविवारी मटण झालं की उरलेला तांबडा-पांढरा आणि हाडं कुत्र्याच्या ताटात पडतात. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. आधीच रक्त कमी झालेल्या कुत्र्याला रस्सा पाजणं म्हणजे रोगाला मदत करणं आहे. शिजलेल्या हाडांच्या धारदार कपच्या होतात, त्या वेगळ्याच.

गोळी देण्याची माझी पद्धत सांगते, कारण महिनाभर रोज तोंड उघडून घशात गोळी ढकलली तर कुत्रं आपल्याला बघून पलंगाखाली जायला लागतं. शिजवलेल्या कोंबडीच्या काळजाचे तीन तुकडे घ्यायचे. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या घाईत ती दुसरा न चावता गिळते. वरून पाणी पाजायचं, गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथं जखम होते. तीन तुकडे झाले की पाठीवरून हात. हरणी गोळीच्या वेळेची वाट बघायला लागली होती.

सल्ले देणाऱ्यांचीही कमी नव्हती. एकानं माणसाची तापाची गोळी अर्धी करून द्यायला सांगितली. हे कुणीही करू नका. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृतावर जातं आणि आयबुप्रोफेन पोटात व्रण करतं. प्लेटलेट खाली असताना त्या व्रणातून रक्त गेलं तर जीव जातो. पपईच्या पानांचा रस सुचवणारे तर घरोघरी आहेत. मॅडमचं म्हणणं सरळ होतं, जिवाणू मारायचं काम पपई करत नाही. निपाणीकडच्या एका पाहुण्यांनी तंबाखूचं पाणी करून अंगाला लावायचा उपाय सांगितला. त्यांच्या भागात जनावरांना पूर्वी लावायचे. पण कुत्रं अंग चाटतं, आणि निकोटीन पोटात गेलं की थरथर सुटते, आकडी येते. रॉकेल लावणंही तसंच घातक, कातडी भाजते.

अंगावरच्या गोचिड्या मी चिमट्यानं काढल्या. कातडीला अगदी लगटून, तोंडाजवळ धरायचं आणि न पिळता सरळ वर ओढायचं. नखानं चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची. हरणीचे केस आखूड, त्यामुळे पाठ-पोट स्वच्छ दिसत होतं. पण पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या घडीत आणि शेपटीच्या मुळाशी त्या दडलेल्या होत्या. बोटांच्या बेचक्यात तर तिळाएवढ्या, चपट्या, चिखलाचा कण वाटाव्या अशा. रक्त प्यालेली मादी तेवढी करड्या वाटाण्यासारखी टम्म दिसते, आणि लोक तीच शोधत बसतात.

दोन-तीन दिवसांत ताप उतरला. हरणी दारात येऊन उभी राहिली, भाकरीचा पापुद्रा मागायला लागली. घरातली मंडळी म्हणाली, झाली बरी. या आजाराचा खरा धोका इथं आहे. औषध लागू पडलं की कुत्रं झपाट्यानं सुधारतं, पण जिवाणू प्लीहेत दडून राहतो. कोर्स अर्धवट सोडला तर वरवर ठणठणीत दिसणारं कुत्रं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तो अंगात घेऊन फिरतं. आणि काहींच्या बाबतीत पुढं अस्थिमज्जेतच रक्त तयार होणं मंदावतं. मग नाकातून रक्त, वजन घटणं, आणि त्या टप्प्याला औषधही नीट लागू पडत नाही. माहेरच्या कुत्र्याचं हेच झालं असावं. हा जिवाणू पहिल्यांदा १९३५ साली अल्जीरियात ओळखला गेला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराचे कितीतरी जर्मन शेफर्ड याच आजारानं गेले, तेव्हा कुठं जगानं त्याच्याकडं गांभीर्यानं बघितलं. एवढ्या निगुतीनं सांभाळलेली लष्करी कुत्रीही गेली, हे वाचल्यावर मी कॅलेंडरवर खुणा करून २८ दिवस पुरे केले.

आता घराबद्दल. गल्लीत सगळ्यांचं बोट गवळ्यांच्या गोठ्याकडं. "म्हशींच्या अंगावरनं येत्यात बघा." मलाही विचारावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "गुरांची गोचीड वेगळी, ती बहुतेक गुरांवरच जगते. कुत्र्याची तपकिरी गोचीड कुत्रं झोपतं तिथंच राहते. तुमच्या घरात बघा." गवळ्यांवर उगीच आळ येत होता, तो मी गल्लीत बोलून दूर केला.

ही गोचीड आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढते आणि तिन्ही वेळा रक्त पिऊन खाली उतरते. अंड्यातून निघालेलं पिल्लू एकदा, त्याचं वाढतं रूप एकदा, मोठी झाल्यावर एकदा. मधल्या काळात ती असते भिंतीच्या फटीत. शेवटी भरलेली मादी तिथंच हजारोंनी अंडी घालते. मोठी गोचीड काही न खाता महिनोन्‌महिने जगू शकते. म्हणजे अंगावर दिसते ती थोडी, उरलेली घरात. एकच दिलासा होता, एर्लिकिया मादीकडून अंड्यांत उतरत नाही. नव्यानं निघालेली पिल्लं निरोगी असतात. आजारी कुत्र्याचं रक्त प्यायल्यावरच ती रोग पुढं नेतात. म्हणून हरणीवर उपचार चालू असताना तिच्या अंगावर गोचीड टिकू न देणं, घरातल्या गोचिड्यांच्या पुढच्या पिढीत रोग जाऊ नये यासाठीही गरजेचं होतं.

गोचीड वर चढते हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही जमीन झाडत होतो, पुसत होतो आणि त्या तुळईच्या खोबणीत, चौकटीच्या मागं, देव्हाऱ्याशेजारच्या तसबिरीच्या पाठीला बसलेल्या होत्या. बॅटरी घेऊन बघितलं तेव्हा मातीच्या गिलाव्याला पडलेल्या तड्यात वाळूच्या कणांसारखी तपकिरी अंडी चिकटलेली दिसली, एकावर एक रचलेली. मग आम्ही ते काम वरून खाली केलं. तसबिरी उतरवल्या, पलंग भिंतीपासून ओढले, हरणीचं गोणपाट जाळून टाकलं आणि जागी धुता येईल अशी चादर आणली, ती दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. फटींतला कचरा व्हॅक्यूमनं ओढून पिशवी बंद करून बाहेर. त्यानंतर माहीतगार माणसाकडून फटींत फवारणी, हरणीला आणि पोरांना तेवढा दिवस दुसरीकडं ठेवून. आणि काही आठवड्यांनी पुन्हा, कारण पहिल्या फवारणीतून अंडी सुटतात. गोठ्यासाठी आणलेलं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून थेट कुत्र्याला आंघोळ घालतात, ते अजिबात करू नये. घरात मांजर असेल तर आणखी जपावं, कुत्र्यांची काही गोचीडनाशकं मांजराच्या जिवावर बेततात. सगळ्यात शेवटी गवंडी बोलावून तडे चुन्यानं बुजवून घेतले. खर्चाचं म्हणाल तर हरणीच्या औषधापेक्षा भिंतींवर जास्त गेले, आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही.

हरणीला गोचिड्यांसाठी तोंडातून देण्याची गोळी सुरू केली. काही गोळ्या महिन्याची, काही बारा आठवड्यांची मुदत धरतात. कुठली द्यायची ते वजन, वय आणि आकडीचा इतिहास बघून डॉक्टरांनी ठरवावं.

कोर्स संपल्यावर रक्त तपासलं. प्लेटलेट दीड लाखाच्या वर आल्या होत्या, मॅडमच्या मते कारवानीला पुरेशा. मी पुन्हा ती पट्टीची तपासणी करूया का असं विचारलं, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. ती पट्टी जिवाणू दाखवत नाही, त्याच्याशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं दाखवते, आणि ती बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने रक्तात राहतात. बरेच लोक पट्टीवर पुन्हा रेघ बघून घाबरतात आणि विनाकारण दुसरा कोर्स सुरू करतात. बघायचा तो प्लेटलेटचा आकडा आणि कुत्र्याचं खाणं-खेळणं. आणि हा आजार एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही असं नसतं.

राहता राहिली गल्ली. तालमीसमोर दोन कुत्री असतात, हरणी रोज त्यांना भेटल्याशिवाय पुढं जात नाही. आमचं घर कितीही स्वच्छ केलं तरी त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या चार पावलांत आमच्या उंबऱ्यावर येणार. तालमीतल्या पोरांशी बोलले. त्यातला एक म्हणाला, "काकी, गोळीचं सांगा, वर्गणी आम्ही काढतो. आमचीच हायत ती." दोघांचं वजन तालमीतल्याच काट्यावर केलं, एकानं कुत्र्याला उचलून उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. मॅडमनी वजनाप्रमाणे गोळ्या दिल्या, रेबीजची लस त्याच वेळी टोचली. पुढची गोळी गणपतीच्या आधी द्यायची आहे, तारीख तालमीच्या फळ्यावर लिहून ठेवली आहे.